विश्लेषण : वडील कोणता पेपर वाचतात, यावरून मुलाची नोकरी धोक्यात! अमेरिकेतील ‘रेड स्केअर’ नेमके काय होते?

दुसरे महायुद्ध जिंकलेला, अणुबॉम्ब हाती असलेला आणि जगात सर्वात श्रीमंत ठरलेला देश पुढच्या दहा वर्षांत स्वतःच्याच शिक्षकांना, लेखकांना आणि शास्त्रज्ञांना घाबरू लागला. कम्युनिस्टांच्या भीतीने हजारो अमेरिकी नागरिकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यातील बहुतेकांवर कोणताही गुन्हा कधी सिद्ध झाला नाही, अनेकांवर तर तो दाखलही झाला नाही. हे कसे घडले?

१९५३ सालची गोष्ट आहे. मायलो रॅड्युलोविच हा मिशिगनमधील २६ वर्षांचा तरुण. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी आणि अमेरिकी हवाई दलाच्या राखीव तुकडीत लेफ्टनंट. हवाई दलाने त्याला राजीनामा देण्यास सांगितले. त्याच्या निष्ठेबद्दल शंका नाही, हे हवाई दलाने मान्य केले होते. आक्षेप होता तो वडील आणि बहिणीशी असलेल्या संबंधांबद्दल. सर्बियातून आलेले वडील सर्बियन भाषेतील वर्तमानपत्र वाचतात आणि ते कम्युनिस्टधार्जिणे आहे, बहीण डाव्या चळवळीत आहे, असे हवाई दलाचे म्हणणे होते.

रॅड्युलोविचने राजीनामा नाकारला. सुनावणी झाली. हवाई दलाकडे पुरावा म्हणून एक बंद पाकीट होते. ते त्याच्यासमोर किंवा त्याच्या वकिलासमोर उघडलेच गेले नाही. आरोप कोणी केला, नेमका काय केला, हे आरोपीला कळले नाही. तरीही निकाल त्याच्या विरोधात गेला.

‘रेड स्केअर’ म्हणजे लाल रंगाची, अर्थात कम्युनिस्टांची धास्ती. साधारण १९४७ ते १९५७ या काळात ती अमेरिकेवर कशी पसरली, हे या एका प्रकरणातून समजते. तुरुंगाचे दार फार कमी लोकांसाठी उघडले. नोकरीचे दार मात्र हजारोंसाठी बंद झाले.

भीतीला काही आधार होता का?

होता. हे आधी स्पष्ट करायला हवे, कारण त्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही.

महायुद्धात अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एका बाजूने लढले होते. युद्ध संपताच पूर्व युरोपातील एकेक देश रशियाच्या प्रभावाखाली गेला. २९ ऑगस्ट १९४९ रोजी रशियाने पहिली अणुचाचणी केली. आपल्याकडे असलेले हे अस्त्र रशियाला इतक्या लवकर मिळेल, असे अमेरिकेत फारसे कुणाला वाटले नव्हते. १ ऑक्टोबर १९४९ रोजी चीनमध्ये माओ यांनी कम्युनिस्ट राजवटीची घोषणा केली. जानेवारी १९५० मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्यातील माजी अधिकारी अल्जर हिस यांना हेरगिरीसंदर्भात शपथेवर खोटे बोलल्याबद्दल दोषी ठरवले गेले. फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये क्लाऊस फुक्स हा शास्त्रज्ञ पकडला गेला. अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात काम करताना त्याने रशियाला गुपिते पुरवली होती. जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले.

म्हणजे हेर होते आणि त्यांनी दिलेली माहितीही महत्त्वाची होती. प्रश्न पुढचा आहे. हेर शोधण्यासाठी जी यंत्रणा उभी राहिली, तिच्या जाळ्यात कोण सापडले?

अमेरिकी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य भरभराटीच्या काळातही ७५ ते ८० हजारांच्या आसपासच होते. तेव्हा देशाची लोकसंख्या सुमारे १५ कोटी होती. १९३० च्या दशकात महामंदीने लाखो लोक बेकार झाले होते. त्या काळात अनेक तरुण पक्षाकडे, कामगार संघटनांकडे किंवा फॅसिझमविरोधी गटांकडे ओढले गेले. कुणी दोन-चार बैठकांना गेले, कुणी वर्गणी दिली, कुणी एखाद्या निवेदनावर सही केली. त्यातील बहुतेक जण काही वर्षांत बाहेरही पडले. पंधरा वर्षांनंतर हीच जुनी सही त्यांच्यासमोर पुरावा म्हणून आली.

हे सगळे मॅकार्थींनी सुरू केले का?

या काळाला ‘मॅकार्थीवाद’ म्हटले जाते. त्यामुळे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनीच हे सुरू केले, असा समज आहे. प्रत्यक्षात मॅकार्थी प्रसिद्धीच्या झोतात आले १९५० मध्ये. तोपर्यंत यंत्रणा उभी राहून कामालाही लागली होती.

प्रतिनिधीगृहाची ‘हाऊस अन-अमेरिकन अ‍ॅक्टिव्हिटीज कमिटी’, म्हणजेच ‘ह्युआक’, १९३८ मध्ये स्थापन झाली आणि १९४५ मध्ये कायमस्वरूपी झाली. १९४० च्या स्मिथ कायद्याने सरकार बळाने उलथवण्याचा पुरस्कार करणे हा गुन्हा ठरवला होता. याच कायद्याखाली १९४९ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या ११ नेत्यांना दोषी ठरवण्यात आले.

सर्वात महत्त्वाचे पाऊल मात्र डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी उचलले. २१ मार्च १९४७ रोजी त्यांनी कार्यकारी आदेश ९८३५ काढला. त्यानुसार केंद्र सरकारच्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ‘निष्ठा’ तपासली जाऊ लागली. ‘निष्ठावान नसल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे’ एवढे पुरेसे होते. कृती सिद्ध करण्याची गरज नव्हती. अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयाने संशयास्पद संघटनांची यादी जाहीर केली. त्यातील एखाद्या संघटनेशी ‘सहानुभूतीचा संबंध’ असणे हेही संशयाला पुरेसे कारण ठरू शकत होते. माहिती देणाऱ्याचे नाव कर्मचाऱ्याला सांगणे बंधनकारक नव्हते.

ट्रुमन कम्युनिस्टांबाबत मवाळ आहेत, असा आरोप रिपब्लिकन पक्ष करत होता. त्या आरोपाची धार बोथट करण्यासाठी हा आदेश काढला गेला, असे अनेक इतिहासकार मानतात. परिणाम उलटा झाला. सरकारच घरातील शत्रू शोधत आहे म्हटल्यावर शत्रू घरात आहे, यावर शिक्कामोर्तब झाले. पुढे १९५० चा कठोर अंतर्गत सुरक्षा कायदा रोखण्यासाठी याच ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला, पण अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तो धुडकावून कायदा मंजूर केला.

समितीसमोर नेमके काय व्हायचे?

‘ह्युआक’समोर बोलावलेल्या व्यक्तीला एक प्रश्न हमखास विचारला जाई : तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य आहात का, किंवा पूर्वी कधी होता का? पक्षाचे सदस्य असणे हा थेट गुन्हा नव्हता. तरीही उत्तर देणे सोपे नव्हते. प्रोग्रामिंग शिकलेल्यांना ओळखीची वाटेल अशी ही रचना होती. कोणतीही शाखा निवडा, शेवट नुकसानीतच.

पहिला पर्याय : उत्तर द्यायचे. पण ‘हो, मी होतो’ म्हटले की पुढचा प्रश्न तयार असे. तुमच्याबरोबर आणखी कोण होते? स्वतःबद्दल एकदा बोलल्यावर त्याच विषयावर इतरांबद्दल गप्प राहण्याचा हक्क उरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये दिला होता. त्यामुळे मित्रांची नावे सांगावी लागत. ती बहुतेक वेळा समितीला आधीच माहीत असत. माहिती मिळवण्यापेक्षा साक्षीदाराने शरणागती जाहीर करावी, हा नावे विचारण्यामागचा हेतू होता.

दुसरा पर्याय : स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा पाचव्या घटनादुरुस्तीतील हक्क वापरायचा. यात तुरुंग टळत असे, पण अशा साक्षीदारांना मॅकार्थी ‘फिफ्थ अमेंडमेंट कम्युनिस्ट’ म्हणून हिणवत. घटनेने दिलेला हक्क वापरणे हीच लोकांच्या नजरेत कबुली ठरली आणि नोकरी गेली.

तिसरा पर्याय : पहिल्या घटनादुरुस्तीतील अभिव्यक्ती आणि संघटनस्वातंत्र्याचा आधार घेऊन हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला अधिकारच नाही, असे सांगायचे. यात काँग्रेसच्या अवमानाचा खटला होऊन तुरुंगवास घडे.

तुरुंग नाही, मग शिक्षा कोण देत होते?

या काळातील शिक्षेचे दोन टप्पे होते. पहिल्या टप्प्यात एफबीआय, संसदीय समिती किंवा एखादा खासगी गट नाव जाहीर करी. दुसऱ्या टप्प्यात मालक त्या माणसाला कामावरून काढी. पहिला टप्पा पार पाडणारे म्हणत, आम्ही कुणाला शिक्षा केलेली नाही. दुसरा टप्पा पार पाडणारे म्हणत, आमचा राजकारणाशी संबंध नाही, ही केवळ व्यवसायाची गरज आहे. घरी बसलेल्या माणसाने दाद कोणाकडे मागायची, याचे उत्तर कुणाकडेच नव्हते.

या काळात नोकरी गमावलेल्यांची संख्या १० ते १२ हजारांच्या घरात असावी, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. तुरुंगात गेलेले काही शेकडाच होते. पण ज्यांनी चौकशीच्या धास्तीने स्वतःच राजीनामा दिला, वर्गणी बंद केली, पुस्तके लपवली किंवा वर्गात एखादा विषय शिकवणे टाळले, त्यांची मोजदाद कोणत्याच आकड्यात नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे उदाहरण पाहा. १९४९ मध्ये तिथे प्राध्यापकांना आपण कम्युनिस्ट नसल्याची शपथ घेण्यास सांगण्यात आले. १९५० मध्ये ३१ प्राध्यापकांना काढून टाकले गेले. त्यांच्यावर आरोप कम्युनिस्ट असल्याचा नव्हताच, त्यांनी फक्त शपथेवर सही करण्यास नकार दिला होता. पुढे १९५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला.

भीती किती खोल गेली होती, याची काही उदाहरणे आज विनोदी वाटतात. सिनसिनाटी शहराचा ‘रेड्स’ नावाचा जुना बेसबॉल संघ होता. १९५३ मध्ये त्याने नाव बदलून ‘रेडलेग्स’ केले. इंडियाना राज्यात पाठ्यपुस्तक आयोगाच्या एका सदस्याने ‘रॉबिन हूड’ शाळांतून काढण्याची मागणी केली. श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणे ही कम्युनिस्ट शिकवण आहे, असे तिचे म्हणणे होते.

हॉलिवूडमध्ये काय घडले?

ऑक्टोबर १९४७ मध्ये ‘ह्युआक’ने हॉलिवूडची सुनावणी घेतली. दहा लेखक-दिग्दर्शकांनी तिसरा पर्याय निवडला आणि उत्तरे नाकारली. ‘हॉलिवूड टेन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सर्वांना अवमानाबद्दल सहा महिने ते एक वर्षापर्यंत तुरुंगवास झाला. त्याआधीच, नोव्हेंबर १९४७ मध्ये, मोठ्या स्टुडिओंच्या प्रमुखांनी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात बैठक घेतली. या दहा जणांना आणि यापुढे कोणत्याही कम्युनिस्टाला जाणूनबुजून काम देणार नाही, असे निवेदन त्यांनी काढले. काळी यादी तयार करण्याचा आदेश कोणत्याही सरकारी कागदावर नव्हता. उद्योगानेच ती स्वतःवर लादून घेतली.

या दहा जणांतील पटकथालेखक डाल्टन ट्रम्बो यांनी तुरुंगातून सुटल्यावर दुसऱ्यांच्या नावाने लिहायला सुरुवात केली. ऑड्री हेपबर्नचा ‘रोमन हॉलिडे’ हा १९५३ चा गाजलेला चित्रपट त्यांच्याच कथेवर आहे. त्याच्या कथेचे ऑस्कर ज्या मित्राने नाव दिले होते, त्याला मिळाले. १९५७ मध्ये ‘द ब्रेव्ह वन’च्या कथेसाठी ‘रॉबर्ट रिच’ या लेखकाला ऑस्कर जाहीर झाले. पुरस्कार घ्यायला रिच आलेच नाहीत, कारण असा माणूस अस्तित्वातच नव्हता. ते ट्रम्बोच होते. १९६० मध्ये ‘एक्झोडस’ आणि ‘स्पार्टाकस’ या चित्रपटांवर त्यांचे नाव झळकले आणि काळ्या यादीला तडा गेला. ‘रोमन हॉलिडे’चे ऑस्कर त्यांच्या नावावर झाले ते १९९३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर १७ वर्षांनी.

आणखी एक योगायोग. १९४७ च्या सुनावणीचे अध्यक्ष होते जे. पार्नेल थॉमस. आपल्या कार्यालयात बनावट कर्मचारी दाखवून पगार लाटल्याबद्दल ते पुढे स्वतःच दोषी ठरले. त्यांची रवानगी झाली डॅनबरीच्या तुरुंगात. ‘हॉलिवूड टेन’मधील दोघे जण पुढे त्याच तुरुंगात शिक्षा भोगायला आले.

चार्ली चॅप्लिन यांची कथा आपल्याकडेही अनेकांना माहीत आहे. चॅप्लिन यांनी ब्रिटिश नागरिकत्व सोडले नव्हते. सप्टेंबर १९५२ मध्ये ‘लाइमलाइट’च्या लंडनमधील खेळासाठी ते जहाजाने निघाले. ते समुद्रात असतानाच अमेरिकेत परतण्याचा त्यांचा परवाना रद्द करण्यात आला. चॅप्लिन स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाले. त्यानंतर अमेरिकेत त्यांनी पाऊल ठेवले ते थेट १९७२ मध्ये, मानद ऑस्कर घेण्यासाठी.

रेडिओ आणि टीव्हीसाठी वेगळी यादी होती. जून १९५० मध्ये ‘रेड चॅनल्स’ नावाची पुस्तिका एका खासगी गटाने छापली. तिच्यात १५१ कलाकार आणि पत्रकारांची नावे होती. ती हाताशी धरून जाहिरातदार आणि वाहिन्या माणसे गाळू लागल्या.

शास्त्रज्ञांना घालवून अमेरिकेने काय गमावले?

२०२३ च्या ‘ओपनहायमर’ चित्रपटामुळे जे. रॉबर्ट ओपनहायमर यांची १९५४ मधील सुनावणी आपल्याकडच्या प्रेक्षकांनीही पाहिली. अणुबॉम्ब प्रकल्पाच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या या संचालकाची ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी, काढून घेण्यात आली. तो निर्णय अमेरिकी सरकारने रद्द केला डिसेंबर २०२२ मध्ये. ओपनहायमर यांचे निधन १९६७ मध्येच झाले होते.

ओपनहायमर यांचे विद्यार्थी डेव्हिड बोम यांनी ‘ह्युआक’समोर इतरांबद्दल साक्ष देण्यास नकार दिला. अवमानाच्या खटल्यातून ते निर्दोष सुटले, पण प्रिन्स्टन विद्यापीठाने त्यांचा करार वाढवला नाही. त्यांना ब्राझील गाठावे लागले. तेथून इस्रायल आणि मग ब्रिटन असा त्यांचा प्रवास झाला. जे. कृष्णमूर्ती यांच्याबरोबरचे ज्यांचे दीर्घ संवाद भारतात आजही वाचले-ऐकले जातात, ते हेच बोम.

मात्र सर्वात महागात पडलेले प्रकरण चियान शुएसेन यांचे. चीनमधून १९३५ मध्ये शिष्यवृत्तीवर आलेले हे अभियंते ‘एमआयटी’ आणि ‘कॅलटेक’मध्ये शिकले. आज मंगळावर यान पाठवणाऱ्या ‘जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी’च्या सुरुवातीच्या मंडळींत ते होते. १९४५ मध्ये जर्मन रॉकेट शास्त्रज्ञांची चौकशी करण्यासाठी अमेरिकेने त्यांना लष्करी हुद्दा देऊन युरोपात पाठवले होते. त्याच चियान यांची ‘क्लिअरन्स’ जून १९५० मध्ये काढून घेतली गेली. १९३० च्या दशकात ते कम्युनिस्टांच्या बैठकांना जात असल्याचा एफबीआयचा आरोप होता. चियान यांनी तो नाकारला.

चियान यांनी चीनला परतायचे ठरवले, तर त्यांचे सामान जप्त झाले. त्यातील काही कागद सांकेतिक लिपीतील असल्याचा संशय घेतला गेला. ते निघाले लॉगॅरिदमचे तक्ते! चियान यांना सुमारे दोन आठवडे डांबून ठेवण्यात आले आणि पुढची पाच वर्षे ते पाळतीखाली राहिले. अखेर १९५५ मध्ये कोरियन युद्धातील अमेरिकी कैद्यांच्या सुटकेच्या वाटाघाटींदरम्यान त्यांना चीनला जाऊ दिले गेले. तिथे त्यांनी क्षेपणास्त्र कार्यक्रम उभा केला. चीनच्या अवकाश कार्यक्रमाचे जनक म्हणून आज त्यांचेच नाव घेतले जाते. अमेरिकेचे माजी नौदलमंत्री डॅन किम्बल यांनी या हकालपट्टीला देशाने केलेली सर्वात मूर्खपणाची गोष्ट म्हटले होते.

कम्युनिस्ट नसलेल्यांवर काय परिणाम झाला?

शत्रूची व्याख्या सैल असली की ती हवी तशी ताणता येते. २८ फेब्रुवारी १९५० रोजी परराष्ट्र खात्यातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सिनेटच्या समितीला सांगितले, की खात्याने ९१ समलैंगिक कर्मचाऱ्यांना बाहेर काढले आहे. समलैंगिकांना धमकावून शत्रू गुपिते काढून घेईल, असा युक्तिवाद होता. त्याच वर्षी सिनेटच्या एका उपसमितीने चौकशी केली. असे घडल्याचे एकाही अमेरिकी कर्मचाऱ्याचे उदाहरण तिला देता आले नाही, तरी निष्कर्ष मात्र समलैंगिकांच्या विरोधातच निघाला. १९५३ मध्ये अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या कार्यकारी आदेश १०४५० ने ही बंदी सर्व खात्यांत लागू केली. हजारो जणांच्या नोकऱ्या गेल्या.

१९५७ मध्ये लष्कराच्या नकाशा विभागातून काढलेले खगोलशास्त्रज्ञ फ्रँक कॅमेनी मात्र गप्प बसले नाहीत. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथे यश आले नाही, मग त्यांनी चळवळ उभारली. २००९ मध्ये सरकारने त्यांची औपचारिक माफी मागितली.

कामगार चळवळीलाही फटका बसला. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने कामगार नेत्यांना कम्युनिस्ट नसल्याचे प्रतिज्ञापत्र देणे भाग पाडले. १९४९-५० मध्ये ‘सीआयओ’ या मोठ्या महासंघाने ११ संघटनांना बाहेर काढले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी बोलणेही संशयास्पद ठरले. गायक-अभिनेते पॉल रोबसन यांचा पासपोर्ट १९५० मध्ये काढून घेतला गेला. तो परत मिळायला १९५८ साल उजाडले.

मग मॅकार्थींनी नेमके काय केले?

९ फेब्रुवारी १९५० रोजी वेस्ट व्हर्जिनियातील व्हीलिंग शहरात विस्कॉन्सिनचे रिपब्लिकन सिनेटर मॅकार्थी यांनी एक भाषण केले. परराष्ट्र खात्यातील २०५ कम्युनिस्टांची यादी आपल्या हातात आहे, असे ते म्हणाल्याचे स्थानिक वर्तमानपत्राने छापले. काही दिवसांत हा आकडा ५७ झाला, नंतर सिनेटमध्ये ८१. वर्तमानपत्रे प्रत्येक आकडा मोठ्या मथळ्याने छापत गेली. खुलासा येईपर्यंत नवा आरोप तयार असे. सिनेटच्या समितीने जुलै १९५० मध्ये हे आरोप फसवे असल्याचा अहवाल दिला, पण तोपर्यंत कोरियात युद्ध सुरू झाले होते आणि ऐकण्याच्या मनःस्थितीत फारसे कुणी नव्हते.

विरोध झालाच नाही, असे नाही. १ जून १९५० रोजी मॅकार्थींच्याच पक्षाच्या सिनेटर मार्गारेट चेस स्मिथ यांनी सभागृहात त्यांच्या कार्यपद्धतीवर टीका केली. त्यांना साथ मिळाली फक्त सहा सहकाऱ्यांची. जानेवारी १९५४ मध्ये गॅलपच्या पाहणीत ५० टक्के अमेरिकी नागरिकांचे मॅकार्थींबद्दल अनुकूल मत होते, प्रतिकूल मत होते २९ टक्क्यांचे.

समित्यांनी हेर पकडले का?

महत्त्वाचे सोव्हिएत हेर उघड झाले ते प्रामुख्याने दोन मार्गांनी. एक, हेरांच्या जाळ्यातून बाहेर पडलेल्यांनी एफबीआयला दिलेली माहिती. दुसरा, ‘व्हेनोना’ हा लष्कराचा गुप्त प्रकल्प. त्यात सोव्हिएत संदेशांची सांकेतिक लिपी उलगडली जात होती. फुक्सचा माग त्यातूनच लागला आणि पुढची साखळी रोझेनबर्ग दाम्पत्यापर्यंत गेली. ज्युलियस आणि एथेल रोझेनबर्ग यांना १९ जून १९५३ रोजी मृत्युदंड देण्यात आला. त्यांच्या मागे दोन लहान मुले होती. १९९५ मध्ये ‘व्हेनोना’ची कागदपत्रे खुली झाली. ज्युलियस हेर होता, हे त्यातून स्पष्ट झाले. एथेलचा सहभाग किती होता आणि तिला मृत्युदंड देणे योग्य होते का, यावर वाद आजही आहे.

मॅकार्थींच्या आरोपांतून मात्र हेरगिरीबद्दल एकही व्यक्ती न्यायालयात दोषी ठरली नाही.

लाट ओसरली कशी?

एका झटक्यात नाही. ऑक्टोबर १९५३ मध्ये ‘सीबीएस’ वाहिनीवरील ‘सी इट नाऊ’ कार्यक्रमात पत्रकार एडवर्ड मरो यांनी रॅड्युलोविचची कहाणी दाखवली. वाहिनीने जाहिरात करण्याचे टाळले, तेव्हा मरो आणि निर्माते फ्रेड फ्रेंडली यांनी स्वतःच्या खिशातून वर्तमानपत्रात जाहिरात दिली. साधारण महिनाभराने हवाई दलाने निर्णय फिरवला आणि रॅड्युलोविचचे पद कायम राहिले. ९ मार्च १९५४ रोजी मरो यांनी मॅकार्थींवरच कार्यक्रम केला. त्यात बहुतांश मॅकार्थींचीच भाषणे दाखवली होती.

त्यानंतर मॅकार्थींनी थेट लष्कराशी पंगा घेतला. एप्रिल ते जून १९५४ दरम्यानची ती सुनावणी टीव्हीवर थेट दाखवली गेली. ९ जून रोजी मॅकार्थींनी लष्कराचे वकील जोसेफ वेल्श यांच्या एका तरुण सहकाऱ्याचे नाव कारण नसताना चव्हाट्यावर आणले. तुमच्यात काही शालीनता उरली आहे की नाही, असा सवाल वेल्श यांनी केला आणि सभागृहात टाळ्या वाजल्या. २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थींचा निषेध केला. १९५७ मध्ये वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

यंत्रणा मात्र त्यांच्यामागेही चालू राहिली. १९५७ पासून सर्वोच्च न्यायालयाने स्मिथ कायद्याच्या आणि समित्यांच्या अधिकारांना मर्यादा घातल्या. १९६२ मध्ये रेडिओ कलाकार जॉन हेन्री फॉक यांनी आपल्याला काळ्या यादीत टाकणाऱ्यांविरुद्धचा खटला जिंकला. ज्युरीने त्यांना ३५ लाख डॉलरची भरपाई दिली. अपिलात ती बरीच कमी झाली, पण यादी बनवणाऱ्यांनाही किंमत मोजावी लागते, हे त्यातून दिसले. ‘ह्युआक’ नाव बदलून टिकून राहिली आणि १९७५ मध्ये संपली.

मागे काय उरले?

एक परिणाम फार उशिरा दिसला. ‘चीन कोणामुळे हातचा गेला’ या वादात परराष्ट्र खात्यातील जॉन सर्व्हिस, जॉन पॅटन डेव्हिस यांसारख्या चीनच्या जाणकारांना घरी पाठवले गेले. चीनमधून त्यांनी जे पाहिले, तेच कळवले होते : चँग कै-शेक यांची राजवट पोखरलेली आहे आणि कम्युनिस्ट जिंकू शकतात. अप्रिय पण खरी माहिती कळवणाऱ्याची नोकरी जाते, हा धडा खात्यातील उरलेल्यांनी घेतला. पुढे अमेरिका व्हिएतनाममध्ये उतरली. त्या युद्धाच्या सुरुवातीच्या काळातील संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी नंतर कबूल केले, की आशियाची खोलवर जाण असलेले अधिकारी सरकारकडे उरले नव्हते, कारण पन्नासच्या दशकात त्यांना दूर केले गेले होते.

हेरांपासून देश सुरक्षित ठेवण्यासाठी सुरू झालेल्या मोहिमेने देशाला रॉकेटचा एक निष्णात अभियंता गमवायला लावला आणि आशियाचे जाणकारही. खरा धोका शोधायला पुरावा लागतो, तो तपासायला वेळ लागतो आणि आरोपीला उत्तर देण्याची संधी द्यावी लागते. रेड स्केअरच्या काळात या तीनही गोष्टींना चैन मानले गेले. देश संकटात असताना असले सोपस्कार परवडत नाहीत, असे म्हणणारे तेव्हा बहुमतात होते.

रॅड्युलोविच पुढे सरकारच्या हवामान खात्यात काम करू लागले. हवाई दलाने निर्णय मागे घेतला, तेव्हाही त्या बंद पाकिटातील आरोपांना उत्तर देण्याची संधी त्यांना मिळाली नव्हतीच. त्यांना न्याय मिळाला, कारण एका टीव्ही कार्यक्रमाने त्यांची दखल घेतली. बाकीच्या हजारोंच्या घरी कॅमेरा पोहोचला नाही.